अडचणीचा कागद : इतिहास व चरित्रग्रंथांच्या वाचनाविषयी

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद येथील कोणत्याही जुन्या मराठी घरात जावे, तेथील पुस्तकांचे कपाट बहुधा एकाच वळणाचे आढळते. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी, दासबोध आणि पोथ्या. मधल्या फळीवर रणजित देसाई यांच्या 'स्वामी' व 'श्रीमान योगी' आणि विश्वास पाटील यांची 'पानिपत'. खालच्या फळीवर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी घराण्याचा कुलवृत्तांत. "इतिहासाचे काय वाचता?" असे विचारले तर घरातील मंडळी मधल्या फळीकडे बोट दाखवतात. या कादंबऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. परमुलुखात राहून मराठी टिकवणाऱ्या आपल्या पिढ्यांना त्यांनी भाषेचा गोडवा आणि पूर्वजांविषयी आपुलकी दिली, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु माधवराव पेशवे मृत्युशय्येवर काय बोलले, हे कादंबरीकाराने लिहिले तेव्हा ते त्याला कसे कळले, असे आपण विचारत नाही आणि विचारू नये. इतिहासकाराला मात्र हा प्रश्न पानापानावर विचारता आला पाहिजे. हा फरक नजरेआड झाला की कादंबरी इतिहासाची जागा घेते आणि आपले पूर्वज संवाद म्हणणारी पात्रे होऊन बसतात.

या अंकासाठी इतिहास व चरित्र या विषयांतील वाचनीय ग्रंथांवर लिहावे, अशी सूचना झाली. नुसती यादी देणे सोपे होते. परंतु यादी वाचून ग्रंथ आणले जातात, वाचले जातातच असे नाही. म्हणून मोजक्या ग्रंथांचा परामर्श घ्यावा आणि ते का वाचावेत याची एकच कसोटी पुढे ठेवावी, असे ठरवले.

ती कसोटी माझ्या नोकरीतून आलेली आहे. ज्यांनी राज्य शासनाच्या कचेरीत आयुष्य काढले आहे त्यांना ठाऊक असते की कोणत्याही फाईलमध्ये बहुतेक कागद निरुपद्रवी असतात. एखादाच कागद असा असतो की जो सर्वांना अडचणीचा होतो. साहेबाला, कारकुनाला आणि अर्जदारालाही. तो कागद जागेवर असेल तर फाईल विश्वासार्ह. पृष्ठक्रमांक मध्येच तुटला असेल तर बाकीचे दोनशे कागद कितीही नेटके असले तरी मन साशंक होते. इतिहासग्रंथ आणि चरित्रे यांनाही हेच लागू पडते. लेखकाला आपला नायक, आपली जात, आपला प्रांत प्रिय असणे स्वाभाविक आहे. त्या प्रियत्वाला अडचणीचा असलेला कागद त्याने ठेवला की काढून टाकला, एवढेच पाहावे.

कसोटी कशी चालते हे पाहण्यास आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. अहिल्याबाई होळकरांच्या जन्मास २०२५ साली तीनशे वर्षे झाली आणि त्या निमित्ताने कितीतरी भाषणे झाली. त्यांतील बऱ्याच भाषणांत एक कथा येते : बाईंनी अपराधी पुत्राला, मालेरावाला, न्यायासाठी स्वतः मृत्युदंड दिला. ही कथा ऐकताना सभागृहात टाळ्या पडतात. आता सर जॉन माल्कम याचा मध्य हिंदुस्थानावरील १८२३ सालचा ग्रंथ उघडावा. माल्कम हा जेत्यांचा अधिकारी. महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेला. परंतु त्याने बाईंविषयी माहिती गोळा केली ती त्यांना पाहिलेली माणसे हयात असताना. बाईंनी मुलाचा मृत्यू घडवून आणला अशी वदंता त्याच्याही कानी आली होती. त्याने ती बाईंवरील आरोप म्हणून तपासली आणि निराधार ठरवली. मालेराव १७६७ साली वेडाच्या भरात, आजारपणात गेला, असे त्याचे निवेदन आहे. म्हणजे शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याने जो कलंक म्हणून पुसला, तोच आपण अलंकार म्हणून बाईंच्या गळ्यात घालतो! वेड्या झालेल्या एकुलत्या एका मुलाचे हाल पाहणारी आई ही न्यायदेवतेपेक्षा कितीतरी अधिक खरी आहे. तिचा पुढचा अठ्ठावीस वर्षांचा कारभार कोणत्या दुःखाच्या पायावर उभा होता, हे त्या खऱ्या आईकडे पाहूनच कळते. मराठीत विनया खडपेकर यांचे 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' हे पुस्तक याच दृष्टीने वाचनीय आहे. मूर्तीमागची राज्यकर्ती स्त्री शोधण्याचा तो प्रयत्न आहे. जयंतीच्या भाषणांच्या जोडीला ते घराघरांत असावयास हवे.

आता आपल्याकडील वाचकाने सर्वप्रथम वाचावा असा ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसई गावचे, कर्जाने गांजलेले हे भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार, एवढ्या आशेने १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले, आणि महूच्या आसपास पोहोचतात तोच बंडाची वार्ता कानी आली. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असा त्यांचा प्रवास झाला. मिळवले ते लुटारूंनी लुटले, जीव अनेकदा कंठाशी आला, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा दिला तेव्हा भटजी शहरातच होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. राणीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याचीही त्यांनी नोंद केली. वेदविद्येवर उपजीविका करणाऱ्या माणसाला तो नाश किती लागला असेल, ते सांगावयास नको.

परंतु माझ्या कसोटीच्या दृष्टीने या पुस्तकाची जन्मकथा त्याच्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे. गोडसे भटजींनी ही हकीकत चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली. वैद्यांनी ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली प्रसिद्ध केली. काळ इंग्रजी अमलाचा होता. वैद्यांनी भाषा सुधारली, मजकुरावर हात फिरवला, गाळावेसे वाटले ते गाळले. कित्येक पिढ्यांनी हेच संस्कारित पुस्तक मूळ समजून वाचले. अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा ग़दर' या नावाने हिंदीत आणले तेही याच आवृत्तीवरून. मात्र वैद्यांनी मोडी हस्तलिखित नष्ट केले नाही. ते त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता छापली. छापील पुस्तकातून काढलेला कागद दप्तरात मात्र जपून ठेवला गेला. वैद्यांच्या संपादनाला आजच्या काळात दोष देणारे पुष्कळ आहेत. पण त्यांना दोष देता येतो तोही त्यांनीच जपलेल्या कागदाच्या आधारे, हे विसरू नये.

वाचकाने पोतदारांची संहिता मिळवून वाचावी. भाषा जुनी आहे, विरामचिन्हांची सवय असलेल्या डोळ्याला प्रथम अडखळायला होते. दहा पानांनंतर भटजी आपल्याशी ओसरीवर बसून बोलत आहेत असे वाटू लागते. त्यांनी काहीच झाकून ठेवलेले नाही. स्वतःचे भय, दक्षिणेचा लोभ, कर्मठपणा सारे जसेच्या तसे आहे. झाशीचे गंगाधरराव कधीकधी स्त्रीवेष घेत, या संबंधीची हकीकतही त्यांनी निर्विकारपणे दिली आहे. आणि तोच माणूस काल्पीच्या वाटेवर, पराभवानंतर तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी भेटते तो प्रसंग लिहितो. ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतः मडके विहिरीत सोडते. या प्रसंगावर आपला विश्वास बसतो, कारण लेखकाने गंगाधररावांची गोष्ट लपवलेली नाही. जो अडचणीचे सांगतो त्याच्या गौरवालाही वजन येते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे १८९४ सालचे चरित्र याच्या जोडीला वाचावे. ज्या दत्तक पुत्रासाठी राणी झगडली ते दामोदरराव पुढे इंदूरलाच राहिले व १९०६ साली इंदूरलाच वारले, हे इंदूरकर वाचकांनी ध्यानी ठेवावे. झाशीचा इतिहास आपल्या गल्लीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

चरित्राच्या प्रांतात आपल्याकडे आणखी एक समजूत रूढ आहे : जवळच्या माणसाने लिहिलेले चरित्र म्हणजे स्तुतिपाठ. ही समजूत रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक खोटी पाडते. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली प्रथम पत्नी निवर्तल्यावर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. ती मुलगी म्हणजे रमाबाई. न्यायमूर्तींच्या चरित्रातील सर्वांत अडचणीचा कागद म्हणजे हा विवाह, आणि तो जगासमोर ठेवते ती स्वतः पत्नी. सासरे कसे धास्तावले होते, त्यांनी लग्न कसे घाईने ठरवले, हे ती शांतपणे सांगते. कोठे आक्रस्ताळेपणा नाही, कोठे सारवासारव नाही. नवऱ्याने शिकवावे आणि घरातील बायकांनी त्यापायी छळावे, या कात्रीत सापडलेल्या मुलीची हकीकत ती लिहिते, आणि त्याच माणसाविषयीची तिची भक्ती ओळीओळीत जाणवते. भक्ती आणि सत्यकथन यांचे हाडवैर नाही, हे शिकवणारे याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही. यानंतर न. र. फाटक यांनी १९२४ साली लिहिलेले न्यायमूर्तींचे विस्तृत चरित्र वाचावे. फाटकांकडून सार्वजनिक रानडे कळतात, रमाबाईंकडून घरातले. फक्त एकच वाचायचे असेल तर मी रमाबाईंचे पुस्तक निवडीन.

राज्याच्या इतिहासाकडे वळताना गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'ला टाळून पुढे जाता येत नाही. बडोदेकर वाचकांना तर हे घरचेच नाव. सयाजीराव महाराजांच्या पदरी १८८९ साली नोकरीस लागलेला हा गृहस्थ राजपुत्रांना शिकवण्यासाठी टिपणे काढतो आणि त्या टिपणांतून रियासतींचे खंड उभे राहतात. निवृत्तीनंतर, ज्या वयात आपल्यासारखे लोक पेन्शनच्या हिशोबात गुंततात, त्या वयात त्यांनी पेशवे दप्तरातील हजारो रुमाल चाळून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. नवे कागद हाती आल्यावर आपली जुनी विधाने बदलण्यास ते कधी कचरले नाहीत. 'रियासत' ही एका अर्थी आयुष्यभर दुरुस्त होत गेलेली फाईल आहे.

तरीही रियासतीची मर्यादा सांगितली पाहिजे. सरदेसाई पेशवाईकडे घरच्या माणसाच्या ममतेने पाहतात. मोहिमा, तह, कारस्थाने आणि वंशावळी यांत ते रमतात. ज्यांच्या शेतांतून त्या मोहिमा गेल्या त्यांचा आवाज तेथे क्षीण आहे. तो ऐकायचा तर दुसऱ्या पक्षाचे कागद वाचावे लागतात. बंगालमध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांचे वर्णन गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात केले आहे. नाव वाचून आपल्याला वाटावे की हा आपला गौरवग्रंथ असेल. प्रत्यक्षात ती जळलेल्या गावांची आणि पळणाऱ्या माणसांची कहाणी आहे. राजस्थानचेही तसेच. होळकरांच्या खंडणीचा तगादा असह्य होऊन जयपूरचा राजा ईश्वरीसिंह याने डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली आणि पुढल्याच महिन्यात जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. जदुनाथ सरकार यांनी मोगल साम्राज्याच्या पतनावरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात हा प्रसंग दिला आहे. सरकार हे सरदेसायांचे जिवलग स्नेही होते आणि दोघांचे निष्कर्ष अनेकदा जुळत नसत, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. आपल्या कपाटात या दोघांचे ग्रंथ शेजारी शेजारी असावेत.

हा भाग आपणा लोकांना विशेष अडचणीचा आहे. आपले पूर्वज या मुलुखात आले ते याच फौजांबरोबर किंवा त्यांच्या मागून आलेल्या कारभाराबरोबर. कोणी शिलेदार, कोणी फडणीस, कोणी कमाविसदार, कोणी उपाध्ये. अडीचशे वर्षांत आपण येथले झालो, येथल्या मातीशी आणि बोलीशी एकरूप झालो. परंतु आलो कसे, हे शेजाऱ्याला आठवत असते. ते आपल्यालाही ठाऊक असावे, यात कमीपणा नाही.

पानिपताविषयी त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ग्रंथ कादंबरी वाचून झालेल्यांनी अवश्य हाती घ्यावा. तो प्रथम १९४६ साली इंग्रजीत आला आणि लढाईला दोनशे वर्षे झाली त्या १९६१ साली मराठीत. शेजवलकर भाऊसाहेबांचा पक्ष घेतात, आवेशाने घेतात. त्यांची शैली कधीकधी वादपटूची होते. म्हणून सर्व मते मान्य होतील असे नाही. पण पक्ष घेऊनही ते इतरांच्या चुका झाकत नाहीत. १७५७ साली दिल्लीत हाती सापडलेला नजीबखान मल्हाररावांच्या भिडेखातर सुटला, तोच पुढे अब्दालीला घेऊन आला, ही गोष्ट इंदूरकरांना रुचणारी नाही. लष्कर पानिपतावर उपाशी असताना डिसेंबर १७६० मध्ये नानासाहेब पेशवे पैठणास दुसऱ्या विवाहात गुंतले होते, ही पुणेकरांना रुचणारी नाही. कादंबरी वाचून आपण हळहळतो. शेजवलकर वाचून धान्य, पैसा, अंतर आणि वेळ यांचा हिशोब करू लागतो. १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्या हिशोबाची शेवटची ओळ होती.

शत्रुपक्षाचे कागद मराठीत आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सेतुमाधवराव पगडी यांचे स्थान वेगळे आहे. हैदराबाद संस्थानच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या शासकीय सेवेतला हा अधिकारी. फारसी आणि उर्दूवर प्रभुत्व, तेलुगू अवगत, गोंडी-कोलामीचा अभ्यास. औरंगजेबाच्या छावणीतील भीमसेन सक्सेना याच्या आठवणी त्यांनी मराठीत आणल्या. मोगलांच्या नोकरीतला हा हिंदू कायस्थ मराठ्यांकडे कसा पाहत होता, हे वाचताना आपल्या घरचे शौर्य परक्याच्या डोळ्यांनी दिसते आणि अधिक खरे वाटते. पगडींचे आत्मचरित्र 'जीवनसेतू' हे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाचे पुस्तक आहे. सीमाभागातील व हैदराबादेतील आपल्या वाचकांना त्यात आपलेच बालपण सापडेल.

शेवटचा ग्रंथ धनंजय कीर यांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र. ते इंग्रजीत १९५४ साली, म्हणजे चरित्रनायक हयात असताना आले आणि मराठीत १९६६ साली. कीर हे मुंबई महापालिकेत नोकरी करणारे, विद्यापीठाची पदवी नसलेले गृहस्थ. सावरकर, टिळक, फुले, शाहू महाराज, गांधी अशा परस्परविरोधी नायकांची चरित्रे एकाच निष्ठेने लिहिणारा असा दुसरा लेखक आपल्याकडे क्वचितच असेल. त्यांच्या स्वतःच्या मतांची छाया विवेचनावर पडते आणि भाषा काही ठिकाणी अलंकारांनी जड होते. ज्यांना मूळ कागदांच्या अधिक जवळ जायचे आहे त्यांनी चांगदेव खैरमोडे यांच्या बारा खंडांच्या चरित्राकडे वळावे. त्यांचा पहिला खंड १९५२ सालचा आहे.

आपल्या मंडळींनी हे चरित्र वाचण्याचे कारण मात्र घरचे आहे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. म्हणजे ज्या महूपाशी गोडसे भटजींना बंडाची वार्ता कळली त्याच छावणीतला. सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, हे बडोद्याच्या कोणत्याही मराठी समारंभात अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु फाईल तेथे संपत नाही. शिक्षणाच्या करारानुसार १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा कचेरीतील शिपाई फायली दुरून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, आणि राहायला शहरात कोणी जागा देईना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशाची उच्च पदवी घेतलेला हा तरुण सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. त्यांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्या वेळच्या बडोद्याच्या कचेऱ्यांत आपल्या भाषेची, आपल्या आडनावांची माणसे थोडी नव्हती. शिष्यवृत्तीचा हुकूम आणि तो बागेतला दिवस हे दोन्ही कागद एकाच फाईलचे आहेत. पहिला तेवढा वाचून दाखवायचा आणि दुसरा बाजूला ठेवायचा, हा प्रकार आपल्या समारंभांत फार झाला.

येथे कोणी म्हणेल की अशाने पुढच्या पिढीच्या मनात पूर्वजांविषयी आदर राहणार नाही. आधीच मुलांचे मराठी बोलणे कमी झाले आहे, त्यांना अभिमानाचे तेवढे सांगावे. या आक्षेपामागची तळमळ मला समजते. पण आजची मुले हिंदी-इंग्रजीतून शेजाऱ्यांचा इतिहास वाचतातच. जयपूरची वा बंगालची हकीकत त्यांना कोणी ना कोणी सांगणारच आहे. ती परक्याकडून, हेटाळणीच्या सुरात, अचानक कळली तर घरच्यांनी आपल्याला फसवले असे त्यांना वाटेल. आपल्याच भाषेतून, आपल्याच माणसाने सांगितली तर भाषेवरचा विश्वास वाढेल. रमाबाईंच्या पुस्तकाने रानड्यांची उंची कमी झाली नाही आणि गोडसे भटजींनी झाशीच्या राणीला लहान केले नाही, हा पुरावा आपल्यासमोर आहे.

म्हणून खालच्या फळीवरच्या कुलवृत्तांताविषयी दोन शब्द लिहून थांबतो. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या कष्टाने तयार झालेले आहेत आणि काही ठिकाणी नव्या आवृत्त्यांचे काम चालू आहे. त्यांत सनदा, इनामे, पदव्या तपशिलाने येतात. पुनर्विवाह केलेली मुलगी, परधर्मात गेलेला भाऊ, नोकरीतून बडतर्फ झालेला चुलता, कर्जापायी देश सोडून आलेला मूळ पुरुष यांच्या ओळी मात्र कोऱ्या असतात. सुनांची माहेरची नावे नसतात. गोडसे भटजी कर्जापायीच घराबाहेर पडले होते; ती गोष्ट त्यांनी लाजून गाळली असती तर 'माझा प्रवास'चे पहिले पानच निघाले नसते. संपादन करणाऱ्यांनी या कोऱ्या ओळी भराव्यात. हयात माणसांना दुखावेल असा मजकूर छापण्याचे कारण नाही, पण लिहून मात्र ठेवावा. वैद्यांनी हस्तलिखिताचे जे केले तेच आपणही करू शकतो.

वाचनाचा क्रम विचाराल तर प्रथम 'माझा प्रवास', मग रमाबाई, मग कीर. त्यानंतर शेजवलकर आणि पगडी. आणि सवड असेल त्याप्रमाणे रियासतीचे खंड, सरकारांच्या ग्रंथासह. आणि माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे असेल तर ते वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नये. कोरड्या सुती रुमालात बांधावे, कोणाच्या घरचे, कोणत्या गावचे, कोणाकडून आले एवढे वर चिठ्ठीवर लिहावे आणि मोडी जाणणारा भेटेपर्यंत जपावे. त्यात काय निघेल हे आधी सांगता येत नाही. अडचणीचे काही निघाले तर ते इतर कागदांच्या आधी वाचावे.